कोलच्या चित्रातली कुऱ्हाड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी निसर्गचित्रांवरचा लेख आवडला. मात्र 'देशाभिमानाने रंगवलेल्या डोंगरदऱ्या' एवढ्यावरच तो थांबल्याने, ही परंपरा ज्याने उभी केली त्या थॉमस कोलवर अन्याय झाला आहे. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवले नाही.

अभिमान होता, हे खरेच. युरोपकडे जुने किल्ले होते, पडकी देवळे होती. या नव्या देशाने आपले म्हणून दाखवायचे काय, तर अरण्य आणि नायगारा. १८५७ साली फ्रेडरिक चर्चने नायगारा असा रंगवला की पायाखाली जमीनच उरत नाही, आपण थेट पाण्यावर उभे. थॉमस मोरनचे यलोस्टोनच्या दरीचे चित्र तर १८७२ साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १० हजार डॉलरना विकत घेतले. हा मोरन आणि कोल, दोघेही जन्माने इंग्लंडमधल्या बोल्टनचे!

पण कोलला या देशात लाकूडतोडही दिसत होती. अरण्यावर रोज कुऱ्हाड चालते आहे, अशी तक्रार त्याने १८३६ मधल्या निबंधात केली. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल गावात तो राहायचा. तिथल्या ओढ्याकाठचा एकच देखावा त्याने काही वर्षांच्या अंतराने दोनदा रंगवला. १८३७ च्या चित्रात काठावर गर्द, उंच झाडी आहे आणि एक आई बाळासाठी फुले खुडते आहे. १८४३ च्या चित्रात ती झाडी गेलेली. पुढे बुंधे, कुऱ्हाड घेतलेला माणूस, आणि दूर नखाएवढी आगगाडी. मधल्या काळात तिथे रेल्वे आली होती. आकाश तेवढेच शांत, प्रकाश तसाच मऊ. म्हणूनच ते बुंधे जास्त टोचतात. नुसता गौरव करायचा असता तर त्याने ते सहज झाकले असते.

आणखी एक. मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्याचा कायदा १८३० चा. ही चित्रे त्याच काळातली, आणि त्यातली बरीचशी जमीन माणसांवाचून रिकामी दिसते. लेखात यावर एक ओळही नाही.

पुढच्या भागात कोलची ही दोन चित्रे शेजारी-शेजारी छापावीत, जमल्यास रंगीत, ही विनंती.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा