तुझ्याकडे किती महिने आहेत?

सांगली,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल राखी पौर्णिमेचा नारळी भात केला, तुझी आठवण आली म्हणून फोन लावला. बोलता बोलता तू सहज म्हणालीस, "आई, पगार, टॅक्स, गुंतवणूक सगळं मी त्याच्यावर सोपवलंय. लग्नानंतर तसंही एकच होणार. मला त्यातलं काही कळत नाही." मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. हे फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तो मुलगा चांगला आहे. साखरपुड्याच्या दिवशी पंगत उठल्यावर ताटं उचलायला आपणहून उठला, तेव्हाच माझ्या मनात भरला. हे पत्र त्याच्याविषयी नाही. चिऊ, तुझे बाबाही चांगलेच होते.

२००१ मध्ये तू वर्षाची होतीस, तेव्हा मी पोस्टाची महिला प्रधान एजन्सी घेतली. दारोदार जाऊन आरडीचे, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायच्या ठेवीचे, हप्ते गोळा करायचे, कार्डावर नोंद करून सही द्यायची, लिस्ट करून काउंटरला भरायचं. शंभर रुपये भरले की ४ रुपये कमिशन. तेव्हा महिना १० रुपयांचंही खातं निघायचं, आणि मारुती चौकापासून गावभागापर्यंत मी अशी कितीतरी खाती उघडली. काही वर्षांनी महिन्याला लाखभर रुपये माझ्या हातातून जायला लागले. एका रुपयाचा घोळ कधी झाला नाही.

आणि भाजीला पैसे मी तुझ्या बाबांकडे मागायची.

कमिशन पोस्टातल्या माझ्या खात्यात जमा व्हायचं. मी ते काढायची आणि सगळंच्या सगळं त्यांच्या हातात द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं तसंच केलेलं पाहिलं होतं. ते कधी नाही म्हणाले नाहीत, "किती हवेत?" म्हणत पाकीटच पुढं करायचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडे दिवाणजी होते, हिशेबाचा माणूस, त्यामुळं घरातला हिशेब त्यांनी बघायचा हे मला अगदी बरोबर वाटायचं. कुणी विचारलं तर मीही हेच म्हणायची, "मला त्यातलं काही कळत नाही." लोकांना रोज व्याज समजावून सांगणारी बाई मी, आणि स्वतःच्या घराविषयी हे वाक्य बोलत होते. काल तुझ्या तोंडून ते जसंच्या तसं ऐकलं.

२०१४ मध्ये ते गेले तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. रडणं तुला आठवत असेल, पुढचं मी तुझ्यापासून लपवलं. डाळीच्या डब्यात ३,२०० रुपये होते. घरखर्च महिना ९ हजार. म्हणजे हातात दहा-अकरा दिवस होते. बँकेतल्या खात्याला नॉमिनी तुझी आजी, कारण खातं लग्नाआधीचं आणि ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. आजीनं पैसे मिळाल्या मिळाल्या माझ्या हातात ठेवले, तिचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या एका ठेवीला नॉमिनीच नव्हता, तिच्यासाठी कोर्टातून वारस दाखला काढण्यात सात महिने गेले. आणि अडीच लाखांची ठेव एका पतसंस्थेत, १२ टक्क्यांच्या आशेनं ठेवलेली. ती पतसंस्था आधीच अडचणीत आली होती, मला काळजी नको म्हणून बाबांनी सांगितलं नव्हतं. बँक बुडाली तर ठेवीला विमा असतो, तेव्हा १ लाखापर्यंत, २०२० पासून ५ लाखांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नसतं. हे मला माहीत होतं गं! आपले पैसे तिथं आहेत, एवढंच माहीत नव्हतं.

त्यांनी माझ्यापासून काही चोरलं नाही. मीच विचारलं नाही. आणि मी विचारत नाही म्हणून सगळं ओझं त्या माणसानं एकट्यानं वाहिलं. त्यांची झोप उडालेली मी बघत होते, पण त्याचं कारण विचारायचं धाडस मला झालं नाही. आजही मला जास्त टोचतं ते हेच.

तेराव्यानंतर मी एक वही केली. निळ्या पुठ्ठ्याची, तू पाहिली आहेस. पहिल्या पानावर लिहिलं : "आजपासून एक पैसा आला नाही, तर आपण दोघी किती दिवस जगू?" उत्तर लिहिलं, ११ दिवस. तेव्हापासून दर महिन्याच्या शेवटी मी हा एकच आकडा काढते. जवळ असलेले मोकळे पैसे भागिले महिन्याचा खर्च. लोक मला विचारतात, किती लाख जमले की माणूस निर्धास्त होतो? लाखांत उत्तर निघतच नाही, बाळा. ज्याचा खर्च ९० हजार आणि जवळ ९० हजार, त्याच्याकडे एक महिना आहे. आपल्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींकडे, मी त्यांचं कार्ड लिहिते म्हणून सांगते, चौदा महिने आहेत. आकडा वाढवायला दोन वाटा, जमा वाढव किंवा खर्च आवर. खर्च आवरला की दोन्हीकडून फायदा, उरतंही जास्त आणि पुरतंही जास्त दिवस. हे मला वहीनं शिकवलं. तोवर मी "उरलं तर साठवू" म्हणायची आणि कधीच उरायचं नाही. त्यानंतर कमिशन जमा झालं की आधी माझी स्वतःची आरडी भरायची, मग बाजार.

११ दिवसांचा एक महिना व्हायला मला पाच महिने लागले. आज ३१ महिने आहेत. हे तुला पहिल्यांदाच सांगते आहे.

महिने हातात असले की काय होतं ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये दिसलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर मी चिखलातून घरोघर फिरले. गच्च्यांवर दोऱ्या बांधून लोकांनी कपड्यांसारखी पासबुकं वाळत घातली होती. वडापावची गाडी लावणाऱ्या एक बाई, गाडीच वाहून गेलेली. त्यांची ५०० रुपयांची आरडी, ३८ हप्ते भरलेले. बारा हप्ते आणि एक वर्ष झालं की जमा रकमेच्या निम्मं कर्ज पोस्टातून मिळतं, आरडीच्या व्याजाच्या वर २ टक्के दरानं. मी त्यांचा फॉर्म भरून दिला. आलेल्या पैशांत जुनी गाडी, शेगडी, कढई घेतली आणि त्या गणपतीच्या आधी उभ्या राहिल्या. त्यांच्याच ओळीत एक बरं घर होतं, दागिने भरपूर, दिसायला आमच्यापेक्षा कितीतरी सुखी. पण त्यांना घरातलं सोनं मोडवेना आणि मोकळा पैसा नव्हता. त्यांनी सावकाराकडून महिना शेकडा पाचनं उचलले. वर्षाचे साठ टक्के होतात ते. अजून फेडताहेत.

म्हणून तुला सांगते, पहिल्या सहा महिन्यांच्या खर्चाचे पैसे साध्या जागी ठेव. बँकेत, एफडीत, कुठंही, पण दोन दिवसांत हातात येतील असे. त्यावर व्याज किती मिळतं याचा विचारही करू नकोस.

त्यापुढचं मात्र वेगळं, आणि इथं मला माझी जुनी समजूत सोडावी लागली. मी पोस्टाची बाई. माझ्या लेखी पोस्ट म्हणजे देव्हारा. तू जन्मलीस त्या २००० च्या जानेवारीपर्यंत पीपीएफ या लांब मुदतीच्या बचत खात्याला १२ टक्के व्याज होतं. आज ७.१ आहे. आरडीला ६.७. महिना ५ हजार पाच वर्षं भरले तर ३ लाखांचे सुमारे ३ लाख ५६ हजार होतात. शिस्त लावायला याच्यासारखं काही नाही, पण महागाई ६ टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत सगळ्याच्या किमती दुप्पट होतात. तुझ्यासारख्या पंचवीस वर्षांच्या मुलीनं सगळे पैसे इथंच ठेवले तर ते नुसते जागच्या जागी धावत राहतील. हे मला माझ्या गिऱ्हाइकांना सांगायला जड जातं, तुला सांगायला नको.

एका बँकेत गुंतवणूकदारांसाठी मोफत कार्यक्रम होता, तिथं मी मागच्या खुर्चीवर बसून तीन वेळा हात वर केला. तिसऱ्यांदा विचारताना आवाज कापत होता. मी घेतला तो इंडेक्स फंड म्हणजे शेअर बाजाराच्या निफ्टी नावाच्या यादीतल्या ५० मोठ्या कंपन्यांत, ज्या त्या कंपनीच्या बाजारातल्या आकाराप्रमाणे थोडे थोडे पैसे. कुणी हुशार माणूस निवड करत नाही म्हणून खर्चही कमी. तेवढं समजलं आणि जानेवारी २०१८ पासून महिना हजार रुपये सुरू केले. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी कोसळला. माझ्या भरलेल्या २७ हजारांचे साडेअठरा हजार दिसत होते. पोटात गोळा आला. सगळं काढून घ्यावं असं वाटलं. पण वीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आले होते, खाडा पडू देऊ नका. आरडीला चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं, म्हणून मी आजाऱ्याच्या उशाशी जाऊनही हप्ता आणलाय. तेच स्वतःला लावलं. एप्रिलचा हप्ता गेला, मेचा गेला. त्याच महिन्यांत सगळ्यात स्वस्त मिळालं, हे नंतर कळलं. पाच-सात वर्षं ज्याला हात लावायचा नाही तेवढाच पैसा तिकडं घाल. आणि तुझ्या ऑफिसातली मुलं दुपारी ऑप्शनचे सौदे करतात, शेअरच्या पुढच्या भावावर पैज लावल्यासारखे, म्हणालीस ना, त्यांच्यात बसू नकोस. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२४ मध्येच तपासून सांगितलंय की अशा वायद्यांत उतरणाऱ्या सामान्य माणसांपैकी दहात नऊ जण तोट्यात जातात.

आता तुझं. हातात ६२ हजार येतात. खोलीभाडं, डबा, कॅब, फोनचा हप्ता धरून ४० च्या आसपास जातात. खात्यात ७० हजार आहेत असं मागं म्हणाली होतीस. माझ्या हिशेबानं तुझ्याकडं पावणेदोन महिने आहेत. मे महिन्यात तू रडत फोन केला होतास, साहेब अपमान करतो, सोडावंसं वाटतं पण सोडता येत नाही. तेव्हा मी "सहन कर" म्हणाले. ते मला आजही खुपतं. तुझ्याकडे आठ महिने असते तर मी म्हटलं असतं, "उद्याच राजीनामा दे आणि घरी ये."

मला दर महिन्याला १५ हजार पाठवतेस ते ५ कर. माझं कमिशन आणि शिलाईत माझं भागतं, औषधाला तुझे पाच पुरेत. तू प्रेमानं पाठवतेस हे मला कळतं. उरलेले दहा पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होऊ देत, तुझ्या नजरेस पडायच्या आत. क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम भर, ते "किमान देय" भरून सुटलो असं समजू नकोस, त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतात, त्या सावकाराच्या जवळपास पोचले की ते. नोकरी बदललीस तर पीएफ काढू नकोस, नव्या ठिकाणी वळता कर. तिथं आता ८.२५ टक्के मिळतात, पोस्टातल्या माझ्या कुठल्याच खात्यापेक्षा जास्त.

आणि त्याच्याशी बोल. भांडायला नको, संशयानंही नको. एखाद्या रविवारी दोघं चहा घेऊन बसा आणि सगळं टेबलावर मांडा, त्याचं कर्ज, तुझं कार्ड, त्याच्या आईवडिलांची जबाबदारी, माझी. घराचा खर्च मिळून करा, पण तुझ्या नावाचं एक खातं तुझंच राहू दे, त्याच्याही नावाचं त्याचं. कोणती ठेव कुठं आहे ते दोघांनाही माहीत असू दे. लग्न झाल्या महिन्यात दोघांचे नॉमिनी बदला. त्याला पहिल्यांदा अवघडल्यासारखं वाटेल, तुलाही. तुझ्या बाबांशी मी असं एकदा बोलले असते तर ती पतसंस्थेची रात्र त्यांनी एकट्यानं काढली नसती.

तू संगणकाच्या हजार ओळी लिहितेस, त्यात एक चूक असली तर रात्र जागून शोधतेस. पगाराची स्लिप वाचायला त्यातली शंभरावी अक्कलही लागत नाही. पुन्हा "मला कळत नाही" म्हणू नकोस. "अजून बघितलं नाही" म्हण, चालेल.

२७ तारखेला गणपती बसतो, आदल्या दिवशी येशीलच. येताना पगाराची स्लिप, बँकेचं पासबुक आणि पीएफचा नंबर आण. तुझ्यासाठी नवी वही आणून ठेवली आहे, हिरव्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावरचा आकडा तूच लिही, मी शेजारी बसते.

आता थांबते. १५ ऑगस्टला पोस्ट बंद, म्हणून पंधरा तारखेच्या आतली लिस्ट यंदा १४ लाच भरायची आहे आणि अजून अकरा घरं बाकी आहेत. त्यातलं एक वडापावच्या बाईंचं, त्यांनी या महिन्यापासून हजारचं नवं खातं काढलंय.

तुझी,
आई