आमच्या डावखुऱ्या पोरीशेजारी आडवे झालेल्या सुभेदार साहेबांना

सुभेदार साहेब, सप्रेम नमस्कार.

एनसीसीचा कॅम्प संपला त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलणं झालं नाही. मुलींना गाडीत बसवायची घाई होती, आणि खरं सांगते, बोलायला गेले असते तर मला रडूच फुटलं असतं. तुमची बदली झाल्याचं परवा शाळेत कळलं. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच. आणि आणखीही काही जणांनी हे वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

आमची मुलगी नववीत, एनसीसीच्या ज्युनिअर विंगमध्ये. जन्माची डावखुरी. डाव्या हातानं जेवते म्हणून घरातल्या मोठ्यांची बोलणी तिनं लहानपणापासून खाल्ली, पण ती कधी मनाला लावून घेतली नाहीत. रायफलचं मात्र तिच्या जिव्हारी लागलं. आदल्या कॅम्पमध्ये तिनं रायफल डाव्या खांद्याला लावली, तर शिकवणाऱ्यांनी ती ओढून उजव्या खांद्याला लावायला लावली. उजव्या डोळ्यानं तिला नेम धरता येईना. पाचही गोळ्या कागदाबाहेर गेल्या. "डावीला कोण शिकवत बसणार? हिला टार्गेटकडे पाठवा," एवढं म्हणून ते मोकळे झाले. उरलेले दिवस पोरगी खळ आणि कागदाचे तुकडे घेऊन दुसऱ्यांच्या टार्गेटची भोकं बुजवत होती. घरी आली ती गप्पच. काय झालं हे आम्हाला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

मग आम्ही एका खासगी ॲकॅडमीत गेलो. तिथे पोरीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आधी जॅकेटचे, किटचे पैसे, आणि डाव्या हाताची रायफल वेगळी येते, ती आणखी महाग पडेल, असं ऐकवून आम्हाला वाटेला लावलं. आम्ही आजऱ्याच्या पलीकडची माणसं, भाताची शेती. तेवढा पैसा आमच्याकडे नव्हता, आणि नाही हे त्यांना आमच्या चपलांकडे बघूनच समजलं असावं.

ही गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यातली आहे, याचं मला फार वाईट वाटतं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ब्राँझ घेतलं, तेव्हा चौकाचौकात फलक लागले होते. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून मारायच्या प्रकारात, जगज्जेती झाली, ती याच मातीतली. राही सरनोबतनं तर पहिल्यांदा हत्यार हातात धरलं ते शाळेत असताना, एनसीसीतच, आणि 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिनं सुवर्ण आणलं. फलक लावायला सगळे पुढे असतात. पण शाळेतल्या कॅडेटला वर्षाकाठी गोळ्या मिळतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही एखादीच्या वाट्याच्या कुणी अशा वाया घालवतं, तेव्हा विचारायला कुणी येत नाही.

या खेपेला मुलींबरोबर बाई माणूस हवी होती, शाळेतल्या बाई आजारी पडल्या, म्हणून मला पाठवलं. त्यामुळे जे झालं ते मी लाल झेंड्याच्या अलीकडे उभी राहून डोळ्यांनी पाहिलं. रात्रभर पाऊस पडून गेला होता, रेंजवर तांबड्या मातीचा नुसता राडा झाला होता. आमची पोरगी रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी. तिचा नंबर आला तेव्हा तिनं स्वतःहूनच रायफल उजव्या खांद्याला लावली. तुम्ही लांबूनच ओळखलंत. तिला उठवलंत, दोन्ही तळव्यांची खिडकी करून त्यातून झेंड्याच्या काठीकडे बघायला लावलंत, मग एकेक डोळा मिटायला सांगितलात. "अगं, तुझा डोळाच डावा आहे. देवानं दिलाय तोच वापर की," एवढंच बोललात.

कॅम्पातल्या .22 च्या रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला मागेपुढे ओढायचा दांडा, उजवीकडे असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. डाव्या खांद्यावरून मारणाऱ्याला प्रत्येक गोळीनंतर डावा हात रायफलवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट उचलून मागे ओढायचा, नवी गोळी घालायची. तेवढ्यात कोपर हलतं, गाल सुटतो, पोझिशन मोडते आणि सगळी मांडणी पहिल्यापासून. पहिल्या गोळीनंतर तिचं तेच झालं. तेव्हा तुम्ही, कडक इस्त्रीच्या वर्दीत, तिच्या उजव्या बाजूला त्या राड्यात पोटावर आडवे झालात. "तू फक्त नेम धर आणि ट्रिगर दाब. बोल्ट माझ्याकडे." ती एक गोळी मारायची, तुम्ही बोल्ट उचलायचात, मागे ओढायचात, रिकामी पुंगळी बाहेर पडायची, तुम्ही नवी गोळी सरकवून बोल्ट बंद करायचात आणि हात मागे घ्यायचात. घाई नाही. ओरडा नाही. मागे बाकीच्या मुली खोळंबल्या होत्या, एक जण घड्याळ दाखवत होता, तुम्ही मान वळवली नाहीत.

टार्गेट आणलं तेव्हा पहिली गोळी बाजूला होती आणि बाकीच्या चारही पाच रुपयांच्या एका नाण्याखाली झाकल्या. तिनं नाणं ठेवून बघितलं, उचललं, पुन्हा ठेवून बघितलं. तुम्ही उठलात तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत तांबड्या मातीनं माखला होतात, आणि तसेच पुढच्या मुलीकडे गेलात.

साहेब, मोठेपणा म्हणतात तो याला. तुमच्या हुद्द्याच्या माणसानं हे करायची गरज नव्हती. एखाद्या कॅडेटला बोल्ट ओढायला बसवलं असतं तरी चाललं असतं. पण पोर कशात अडलीय हे बघायला तुम्ही तिच्या उंचीवर, म्हणजे थेट जमिनीवर आलात. माझ्या पाहण्यात शिकवणारे पुष्कळ आले, हुशार होते, काहींची नावं मोठी होती. समोरच्या लेकरासाठी कपडे मळवणारा मात्र क्वचित भेटतो. जिथे असा एखादा असतो तिथली पोरं बोलायला लागतात, चुकायला घाबरत नाहीत, हे मी आमच्या घरात बघतेय.

नंतरच्या दिवसांत तुम्ही तिला उजवं कोपर न हलवता स्वतः बोल्ट ओढायला शिकवलंत. स्पर्धेत शेजारी कुणी नसतं, हेही स्पष्ट सांगितलंत. आणि जेवणाच्या वेळी मुलींना गोळा करून पुढचा रस्ता सांगितलात. आधी बटालियन, मग ग्रुप, मग डायरेक्टोरेट म्हणजे राज्याची एनसीसी, आणि मग आंतर-डायरेक्टोरेट स्पर्धा. एनसीसीचाच दिल्लीचा थल सैनिक कॅम्प. नेमबाजीची मावळंकर स्पर्धा, आणि ते मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, ज्यांनी 1951 साली राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी केली. नेमबाज अंजली भागवत यांचीही सुरुवात एनसीसीतूनच झाली, हे ऐकून तर पोरी जेवायच्या थांबल्या होत्या. दहा मीटरच्या एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे तुम्ही पेन्सिलीच्या टोकानं कागदावर टिंब काढून दाखवलंत. शालेय स्पर्धेत ही एअर रायफल आहे, हे आम्हाला आजवर ना कुणी शाळेत सांगितलं होतं, ना त्या ॲकॅडमीत.

बटालियनच्या संघात तिची निवड झाली आहे. पुढे काय होईल ते होईल. सध्या रोज संध्याकाळी पडवीत गोणपाट अंथरून, बांबूला आडवी काठी बांधून ती बोल्टचा सराव करते. तिचा लहान भाऊ मुद्दाम हसवायला बघतो, तिचं कोपर हलत नाही. आजी, जी डाव्या हातावरून बोलायची, ती आता त्याला तिथून हाकलते.

तुमचा नवा पत्ता आमच्याकडे नाही. शाळेच्या पत्त्यावर दोन ओळी टाकलीत तर सुगी झाल्यावर आमच्याकडचा घनसाळ तांदूळ पाठवता येईल. नाही म्हणू नका. वहिनींना नमस्कार सांगा. आणि ग्रुपच्या चाचणीचा निकाल काय लागेल तो लागो, पोरगी तुम्हाला स्वतःच्या अक्षरात, डाव्या हातानं, कळवणार आहे.

तुमची ऋणी,
एका कॅडेटची आई