थवा उडवायला टाळ्या कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या रविवारी किनाऱ्यावरच्या गाइडेड पक्षीनिरीक्षणाच्या ट्रिपला गेले होते. स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतून, पहिल्यांदाच गॉडविट हा स्थलांतर करणारा किनारपक्षी नीट बघितला, वसंतातला, छातीपोटावर विटकरी रंग चढलेला, लांब चोच पार डोळ्यांपर्यंत चिखलात खुपसत होता आणि बाहेर काढली की कपाळाला ओला चिखल चिकटलेला. तो क्षण खरंच विसरणार नाही.

पण पुढे भरती चढली, चिखल पाण्याखाली गेला आणि सगळा थवा वाळूच्या एका पट्ट्यावर येऊन टेकला, आणि व्हिडिओ चांगला यावा म्हणून आमच्या गाइडनेच टाळ्या वाजवून तो उडवला! एकदा नाही, तीनदा. मला फार वाईट वाटलं, मी बोललेही, तर म्हणाले काय होतंय, परत बसतात की.

बसतात, पण भरतीत त्यांना खायला मिळत नाही, तेवढाच वेळ आराम करायचा असतो. हे दिवस त्यांचे उत्तरेकडे जायच्या तयारीचे, खाऊन खाऊन अंगावर चरबी साठवायची, लांब पल्ल्याला निघणाऱ्या गॉडविटचं निम्मं वजन चरबीचंच असू शकतं. २०२२ मध्ये सॅटेलाइट टॅग लावलेला एक गॉडविट, जेमतेम पाच महिन्यांचा, अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किमी न थांबता उडत गेला. असल्या प्रवासाचं इंधन आपण रील्ससाठी जाळायचं का?

परतताना एक छोटा चिखल्या पक्षी पंख मोडल्यासारखा फरपटत आमच्यापुढे पळत होता, काहीजण मोबाइल घेऊन त्याच्या मागे निघाले. ग्रुपमधल्या एक काकू ओरडल्या, थांबा, जवळ घरटं असणार, आपल्याला तिथून लांब न्यायला तो नाटक करतोय! आणि खरंच, माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर उघड्या वाळूत तीन ठिपकेदार अंडी, अगदी खड्यांसारखी. हे आम्हाला गाइडने सुरुवातीलाच सांगायला हवं होतं ना?

ट्रिप बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही, त्या स्कोपमुळेच तर मला एवढं दिसलं. पण गाइडला भरती-ओहोटी आणि विणीचा हंगाम कळायला हवा, पक्षी माना उंच करून बघायला लागले की ग्रुप मागे घ्यायला हवा, आणि कोरड्या वाळूत न शिरता ओल्या वाळूवरूनच चालवायला हवं. तुमच्या पेपरात अशा ट्रिपच्या बातम्या नेहमी येतात, त्यात वेळ आणि फीच्या खाली एवढं छापता आलं तर प्लीज छापा.

आपली,
एक वाचक