वही की लॅपटॉप, हा वाद अपुरा

मा. संपादक,

'हाताने लिहिलेले जास्त लक्षात राहते' अशा बातम्यांना बहुधा म्युलर व ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञांच्या २०१४ च्या प्रयोगाचा आधार असतो; त्यात विद्यार्थ्यांनी व्याख्यानाची टिपणे हाताने किंवा लॅपटॉपवर घेतली आणि मग चाचणी दिली. तो २०२१ मध्ये पुन्हा केला गेला, तेव्हा लॅपटॉपवर शब्दशः उतरवणे वाढलेले दिसले. गुणांत मात्र ठोस फरक आढळला नाही. ही दुसरी बातमी छापली जात नाही, याचे वाईट वाटते.

टिपणांचे पुढे काय करतो, हे जास्त महत्त्वाचे. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवले, तर एकदा वाचून न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणूनच उजळणी वाचून झाली की सगळे येते असे वाटते आणि पेपरात अडते.

बारावीच्या मुलांनी चतुर्थीच्या सुट्टीत हे करावे: वही मिटून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे, मग ताडून सुटलेले वेगळ्या शाईने भरावे. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. अडले की लगेच वही उघडू नये.

आणि वृत्तपत्रांनी प्रयोगात किती जण होते, चाचणी कधी घेतली, एवढे तरी छापावे.

– मानसशास्त्राचे दोन शिक्षक, म्हापसा