मटकीचे पाणी

टाम्पेरे, फिनलंड
२७ नोव्हेंबर

तीर्थरूप नाना आणि तीर्थरूप सौ. आई यांस बबीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मी येथे सुखरूप आहे. कोट आणि बूट दोन्ही चांगले जाड घेतले आहेत, तेव्हा थंडीविषयी आईने आता खरोखर विचारू नये. दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो हे खरे आहे. परंतु ऑफिसात भरपूर उजेड असतो, आणि घरी येऊन एकदा दिवा लावला की बाहेर काय चालले आहे हे पाहावेच लागत नाही. जेवणाचेही व्यवस्थित आहे. आई, तू दिलेले मसाले अजून पुरत आहेत. मटकी मात्र संपत आली, आणि ती सगळी काही माझ्या पोटात गेलेली नाही, त्याचा हिशेब खाली देते.

नाना, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेत की लोकांना नुसते खेळायला बसवून त्यांच्याकडे पाहत राहणे हे कसले काम, आणि त्याचा पगार कोण देतो. तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, पण ते मनाला लागले होते. म्हणून आज सविस्तर लिहिते.

व्हिडिओ गेम संगणकावर उभा करायला वर्ष-दोन वर्षे आणि पुष्कळ पैसा लागतो. कल्पनाच कच्ची असेल तर तो सगळा पैसा पाण्यात जातो. म्हणून प्रोग्रामरने एक ओळही लिहिण्याआधी तोच खेळ पुठ्ठ्यावर आखायचा, कागदी तुकडे आणि सोंगट्या मांडायच्या आणि अनोळखी माणसांना खेळायला बसवायचे, अशी पद्धत आहे. ऑफिसातली माणसे त्याला चालत नाहीत, कारण त्यांना सगळे आधीच ठाऊक असते. बाहेरचा माणूसही एकदाच उपयोगी पडतो. दुसऱ्या वेळी तो नवखा राहत नाही. आपण थोडे मागे सरकून बसायचे, काही समजावून सांगायचे नाही, अडला तरी मदत करायची नाही, आणि ‘आवडला का’ असे तर चुकूनही विचारायचे नाही, कारण समोर बसलेल्याला भिडेपोटी कोणीही ‘हो’च म्हणते. त्याचा हात कुठे थबकला, नियमाचा कागद त्याने कितव्यांदा उचलला, कुठे हसला, एवढेच टिपायचे. खेळ असा बदला, तसा बदला, असे खेळणारे सुचवतात, ते बहुधा चुकीचे असते. पण ते जिथे अडकतात ती जागा मात्र बहुतेक वेळा खरी असते.

पाच माणसांवरून काय कळणार, हा तुमचा दुसरा प्रश्न होता, आणि तो गणिताच्या मास्तरांना शोभणाराच होता. अशा चाचण्यांचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले आहे की एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात. म्हणजे ०.६९ चा पाचवा घात १ मधून वजा करा. सुमारे ८५ टक्के येतात. तुम्ही पडताळून पाहालच. मात्र हे गणित माणूस कुठे अडतो एवढ्यापुरतेच आहे. खेळात गंमत आहे की नाही, हे त्यातून निघत नाही.

आता माझ्या खेळाविषयी. आमच्या विभागात प्रत्येकाने एक कल्पना मांडायची होती. मी आपल्या पांझरा नदीवरच्या फडाची, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाटाने पाळीपाळीने शेतांना देण्याच्या पद्धतीची मांडली: एक बंधारा, एक पाट, चार फड आणि मोजके पाणी. पाण्यासाठी निळ्या काचेचे मणी मागवले होते, ते वेळेवर आले नाहीत, म्हणून डब्यातली मटकी नेली. एका फेरीला चाळीस दाणे, म्हणजे तेवढे पाणी.

पहिल्या दिवशी माझी चांगलीच फजिती झाली. ज्या देशात लहानमोठी मिळून सुमारे १,८८,००० तळी आहेत आणि जे शहर दोन मोठ्या तळ्यांच्या मधल्या धबधब्यावर वसले आहे, तिथल्या माणसांना पाण्याची पाळी म्हणजे काय हे ठाऊक असेल, असे मी गृहीत धरले होते. त्यांनी पहिल्याच फेरीत सगळी दारे उघडली, चाळीसही दाणे पिकांवर ओतले आणि पुढच्या फेरीत बंधारा आपोआप भरेल म्हणून शांतपणे माझ्याकडे पाहत बसले. दारे कशी धरतात हे मला इतके लहानपणापासून माहीत आहे की ते नियमात लिहायचेच राहून गेले होते. सांगण्याची मनाई असल्यामुळे मी नुसती वहीत डोके घालून बसले.

त्यातच इथल्या लोकांची एक सवय आडवी आली, ती जरा नीट सांगते, नाही तर तुम्हांला पटायचे नाही. इथे ‘हो’ला ‘यो’ म्हणतात, आणि पुष्कळ लोक, विशेषतः बायका, ते श्वास बाहेर सोडताना नव्हे तर आत घेताना म्हणतात. आपण ‘हं’ म्हणतो तेव्हा वारा बाहेर जातो. यांचा आत येतो. आई, तिखट मिरची चावल्यावर आपण ‘स्स’ करतो, किंवा अंगावर अचानक गार पाणी पडल्यावर जसा श्वास वर ओढला जातो, अगदी तसा आवाज येतो. पण यांना काही चावलेले नसते की कोणी दचकलेले नसते. त्यांना फक्त ‘बरोबर, कळले’ एवढेच म्हणायचे असते. एरवी ही माणसे मुळातच कमी बोलतात, मनात येईल ते मोठ्याने बोलत खेळा असे सांगितले तरी दहा-दहा मिनिटे शब्द काढत नाहीत, आणि मध्येच असा श्वास ओढतात. मी वहीत एका बाईंच्या नावापुढे तीन ठिकाणी ‘दचकल्या’ असे लिहून ठेवले होते. संध्याकाळी सहकाऱ्याला दाखवले तेव्हा तो पोट धरून हसला, म्हणजे इथल्या मानाने हसला. त्या बाईंना तीन वेळा माझा नियम समजला होता, एवढेच. आता मीही कधी कधी तसा ‘यो’ म्हणते. फोनवर ऐकू आला तर दम लागला आहे असे समजू नका.

तिसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट घडली. साठीच्या पुढचे एक गृहस्थ खेळायला होते. त्यांच्याकडे तीन दाणे उरले होते आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेले शेजाऱ्याचे शेत वाळायला आले होते. त्यांनी एक दाणा चिमटीत धरला, नियमाचा कागद उलटसुलट पाहिला, मग बराच वेळ दाणा तसाच हवेत धरून बसले. तसे करता येत नाही, हे माझ्या ओठांवर आले होते. पण मी गप्प राहिले, आणि कागदावर तशी मनाई कुठेच नव्हती. शेवटी त्यांनी दाणा शेजाऱ्याच्या शेतात ठेवला. त्यानंतर बाकीचे तिघे एकदम बोलू लागले, कोणाला किती, आधी कोणाला, आणि परत कधी. दीड तासात पहिल्यांदा त्या टेबलावर भांडणासारखे काही झाले. शेवटी त्यांनी त्यांच्यातल्याच एकीला दाणे वाटायला बसवले. नाना, पाणी वाटणारा आपला पाटकरी त्यांनी स्वतःच शोधून काढला. मी मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती त्याचे त्याचे दार दिले होते आणि पाटकऱ्यालाच विसरले होते, मी, पाटकरी आजोबांची नात.

नोकरीची काळजी करू नका. खेळ बंद करणे ही इथे नामुष्की समजत नाहीत. हेलसिंकीची सुपरसेल कंपनी तर एखादा खेळ रद्द झाला की शॅम्पेन उघडते, असे सगळेच सांगतात, आणि ‘अँग्री बर्ड्‌स’ हा रोव्हिओ कंपनीचा ५२ वा खेळ होता. माझा खेळ पुढे न्यायचा की नाही हे फेब्रुवारीत ठरेल. नाही म्हणाले तरी दुसऱ्या गटात घेतात. करार जूनपर्यंत आहे, पण तो वाढवतात, बहुतेकांचा वाढवतात.

मंगल कार्यालयासाठी दोन लाख रुपये पाठवले आहेत. तीन म्हणाले होते हे मला आठवते. उरलेले जानेवारीत नक्की पाठवते, तोवर दादाकडून मागू नका. छोटीच्या लग्नाच्या आठवड्यातच आमची ती फेब्रुवारीतली बैठक आली आहे. तिकीट अजून काढलेले नाही, पण बैठक संपल्यावर त्याच रात्री निघाले तर हळद चुकेल आणि लग्न सापडेल, असा माझा हिशेब आहे. छोटीला हे अजून सांगितलेले नाही. आई, तूच सांग, माझ्याने होत नाही. मोठीच्या आधी धाकटीचे कसे, असे कोणी विचारले तर खुशाल सगळे माझ्यावर ढकला. नाशिकच्या स्थळाचा कागद पोहोचला. मी तो पाहिलाच नाही असे नाही. मुलगा चांगलाच असेल. फक्त त्यांना जूनच्या आधी शब्द देऊ नका, एवढीच विनंती आहे.

नाना, एक काम आहे. टंचाईच्या वर्षी रात्री कोणी चोरून चारी फोडली, तर आजोबा पाटकरी म्हणून काय करत असत? दंड असे, की पुढची पाळी जात असे, आणि जागल्याने पाहूनही सांगितले नाही तर? पुढच्या चाचणीआधी मला हे हवे आहे. आठवेल तेवढे सगळे कागदावर लिहून पाठवा. फोनवर नको, फोनवर तुम्ही ‘सगळे ठीक आहे’ म्हणता आणि आईकडे देता.

आणि आई, कोणी इकडे येणार असेल तर किलोभर मटकी दे. अर्धी मी खरेच खाईन.

आपली,
बबी