अर्धी लूना, अर्धी कोण जाणे काय

पुणे,
14 नोव्हेंबर

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे सव्वीस फोटो आणि ते मॅन्युअल मिळालं. मोबाईलवर वाचून डोळे दुखायला लागले, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. वरचं चित्र बघून तो म्हणाला, "काकू, ही कुठली स्कूटर?" म्हटलं, आमच्या मुलीची स्नोमोबाईल आहे, तिकडे अमेरिकेत बर्फावर चालते. त्याने बाइंडिंगचे पैसे घेतले नाहीत. पेठेत हे घडलं यावर बाबांचा अजून विश्वास बसलेला नाही.

बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय, त्यामुळे मी वाचते आणि ते डोळे मिटून ऐकतात. मध्येच "थांब" म्हणतात. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात तीस वर्षं काऊंटरवर बसल्यावर एवढं कळलंय की मेकॅनिक "थांब" म्हणाला की थांबायचं.

तू विचारलंस, पेट्रोल टाकून दोरी ओढून बघू का, शनिवारी बर्फ आहे. नको. गाडी चार हिवाळे शेडमध्ये पडून होती असं तूच लिहिलंयस. चालून गाडी झिजते, पडून राहून सडते, आणि सडलेलं वरून दिसत नाही. तुझे फोटो बघताना मला सारखं वाटत होतं की ही तर आपलीच गाडी. दोन सिलिंडर असले म्हणून काय झालं, टू-स्ट्रोक ती टू-स्ट्रोक. इंजिनावर पत्र्याचं झाकण आणि आत हवा मारणारा पंखा, म्हणजे चेतकच. गिअर नाहीत, पट्ट्यावर चालते, म्हणजे कायनेटिक होंडा. निम्मी गाडी तुला दुकानात बसून पाठ आहे. उरलेली निम्मी मात्र आपल्याकडे कधी आलीच नाही, तिथे शहाणपणा करू नकोस, मॅन्युअल सांगेल ते कर.

आधी उंदीर. नवव्या फोटोत एअर बॉक्सच्या तोंडाशी करडं काहीतरी दिसतंय. तुला धूळ वाटली, मला ते घर दिसलं. सीटखाली, सायलेन्सरच्या नळीत आणि विशेषतः त्या पंख्याच्या पत्र्याच्या आत बघ. तिथे कापूस अडकला तर पंखा फिरेल, पण हवा सिलिंडरपर्यंत पोचणार नाही आणि एक सिलिंडर गुपचूप भाजून निघेल. पत्रा खोलायला अर्धा तास लागेल, खोल. साफ करताना झाडूने झाडू नकोस. तुमच्याकडच्या रानउंदरांच्या लेंड्यांतून हंता विषाणू पसरतो, वाळलेली धूळ उडाली की नाकात. हातमोजे घाल, मास्क लाव, ब्लीचच्या पाण्याने सगळं भिजव, मग ओल्या कागदाने उचल. वायरी कुरतडल्यात का, तेही तेव्हाच बघून घे.

मग टाकी रिकामी कर, सगळी. वास घेऊन बघ, वार्निशसारखा येत असेल. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी तळाला बसतं. हल्ली आपल्याकडेही पंपावर वीस टक्के मिळतं आणि महिनाभर उभ्या राहिलेल्या स्कूटरवाल्यांची दुकानात रांग असते. तुमच्या मिनेसोटात बिनइथेनॉलचं प्रीमियम पेट्रोल अशाच गाड्यांसाठी विकतात म्हणे, तेच आण.

आता कार्बोरेटर. दोन आहेत, दोन्ही उतरव. एक आधी पूर्ण कर, मग दुसरा. सुटे भाग एकत्र केलेस तर रात्री मला फोन करशील. फ्लोटची वाटी काढलीस की तळाशी हिरवट पिवळा चिकटा दिसेल. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा, आणि स्लो जेटचं भोक सुईच्या टोकापेक्षा बारीक असतं. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघ. पलीकडे गोल, पूर्ण गोल उजेड दिसला तर साफ. चंद्रकोर दिसली तर पुन्हा क्लीनरमध्ये टाक. तार घालू नकोस. लग्नानंतर दुकानात बसायला लागले त्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाच्या लूनाचा जेट सेफ्टी पिनने "साफ" करून दिला होता. भोक मोठं झालं आणि तो गृहस्थ आठ दिवस रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेला असायचा. काही बोलायचा नाही, नुसता बघायचा.

आणि आता ज्या ठिकाणी बाबांनी "थांब" म्हटलं ते. तू अगदी कौतुकाने लिहिलंयस की ही गाडी आधी मोन्टानात, वेस्ट यलोस्टोनला डोंगरात पळवलेली आहे. मनू, ते गाव दोन हजार मीटरवर आहे. तुझं डुलुथ सरोवराकाठी, जेमतेम दोनशे मीटरवर. वरची हवा विरळ, म्हणून त्या माणसाने मेन जेट लहान घातले असणार, नाहीतर गाडी धूर ओकली असती. आपली चेतक महाबळेश्वरला गेल्यावर कशी ओकायची आठवतंय ना? तुझं उलटं होणार. खाली हवा दाट, त्यात उणे पंचवीसची थंडी. आपल्या पंचवीस डिग्रीच्या हवेपेक्षा ती साधारण पाचव्या हिश्श्याने जड असते. हवा भरपूर आणि पेट्रोल डोंगरातलं, म्हणजे इंजिन उपाशी. उपाशी टू-स्ट्रोक आधी फार छान पळते, एकदम हलकी वाटते, आणि मग पिस्टन वितळतो.

मेन जेटच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो. भिंग घेऊन वाच. मॅन्युअलच्या शेवटी उंची आणि तापमानाचा तक्ता आहे, त्यात तुझा चौकोन शोध. नंबर कमी निघाला तर नवे घेतल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. विकणाऱ्याला विचारत बसू नकोस, "चालायची की मस्त" असंच सांगेल. खोटं नाही बोलणार, तिथे मस्तच चालायची.

तेलाचा पंप आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. चार वर्षांत नळ्या कडक होतात, हवा शिरते. नळ्या बदल, पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढ, आणि पहिल्या टाकीत पेट्रोलमध्ये वेगळं टू-टी तेल मिसळच. लिटरला वीस मिली, चेतकचा हिशेब. धूर होईल, होऊ दे. कात्रजच्या घाटात बाबा तेल घालायला विसरले होते तेव्हा मागचं चाक जाम झालं आणि मी पिशवीसकट रस्त्याच्या कडेला बसले होते. (हे वाक्य बाबांना वाचून दाखवलेलं नाही.) निदान त्यांना क्लच दाबता आला. तुझ्या गाडीला दाबायला क्लचच नाही.

प्लग नवे घाल, दोन जास्तीचे खिशात ठेव. कॉम्प्रेशनचा गेज कुणाकडून तरी माग. दोन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत, दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर मला कळव, पुढे जाऊ नकोस. ब्रेक, दिवे, चेनकेसचं तेल हे तुला येतं, लिहीत बसत नाही.

पट्टा मात्र नीट बघ. उलटा करून बोटांत वाकव, दातांच्या मुळाशी चिरा दिसतील. कडा चकचकीत झाल्या असतील तर तो घसरतोय. रुंदी व्हर्नियरने मोज. पट्टा अरुंद झाला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. पुल्यांच्या तोंडावर तेलाचा थेंबही नको. हात पुसलेलं फडकं वापरशील, नको, कोरं घे. जास्तीचा पट्टा गाडीतच ठेव आणि तो बदलायची तालीम घरी दोनदा कर, एकदा हातमोजे घालून. स्टेपनी असून पाना नसलेले लोक आपण सिंहगडाच्या पायथ्याशी किती पाहिलेत!

इथपर्यंत आपली निम्मी गाडी. आता परक्या मुलखात.

तो मागचा रबरी ट्रॅक. मागची बाजू स्टँडवर उचलायची, आणि मधोमध मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं वजन टांगून तो किती लोंबतो ते मोजायचं. सायकलच्या चेनसारखंच, फार घट्ट नको, फार सैल नको. मग इंजिनावर हळूच फिरवून दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का बघायची. फिरत असताना मागे कोणी उभं राहायचं नाही. अडकलेला खडा गोळीसारखा सुटतो. झाकण लावल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही, आणि वेणी व मफलर जॅकेटच्या आत. हे मॅन्युअलमध्ये नाही, माझं आहे.

ट्रॅकच्या आत रुळांना प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या आहेत, त्यांच्यावरून ट्रॅक सरकतो. मी हे पान दोनदा वाचलं, कारण पटेना. त्यांना ना तेल, ना ग्रीस. वंगण म्हणजे बर्फच. सैल बर्फ उडून आत येतो, पट्ट्या ओल्या आणि गार राहतात. म्हणजे तुझ्या घरासमोरच्या साफ केलेल्या रस्त्यावर "जरा बघते" म्हणून दोन किलोमीटर गेलीस तर त्या वितळून चिकटतील. तीस वर्षं पार्ट विकले, पण बर्फ हे वंगण आहे असा माल मी कधी पाहिला नव्हता. पट्ट्या झिजायची खूण कुठे असते ते मॅन्युअलमध्ये आहे, त्या रेषेपर्यंत आल्या असतील तर नव्या घाल. बाकीच्या सगळ्या निपलांत थंडीचं ग्रीस भर, जुनं बाहेर येईपर्यंत. छोटी चाकं हाताने फिरव. खरखर ऐकू आली की बेअरिंग गेलं.

रात्रभर बाहेर राहिली की ट्रॅक आणि स्की जमिनीला चिकटून गोठतात. सरळ रेस केलीस तर पट्ट्यावर येईल. आधी मागून उचलून सोडव, स्की डावी-उजवीकडे हलव.

अंगठ्याचा थ्रॉटल दोरी ओढायच्या आधी प्रत्येक वेळी दाबून सोड. टक्‌ करून परत यायला हवा. केबलमध्ये ओल गोठली तर तो दाबलेलाच राहतो. पडलीस तर इंजिन बंद करणारं ते दोरीचं बटण मनगटाला किंवा जॅकेटला बांधूनच बसायचं.

आणि तो परवाना. 31 डिसेंबर 1976 नंतर जन्मलेल्यांना तुमच्याकडे सुरक्षेचा कोर्स करावा लागतो असं तूच पाठवलेल्या कागदात आहे. तू त्यात येतेस. वीस वर्षं सायकल चालवली हे तिथे धरत नाहीत. तळ्यावर जायचं तर चार इंच बर्फ माणसाला, गाडीला पाच ते सात, तोही निळसर, स्वच्छ. पांढऱ्या बर्फात निम्मी ताकद, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि दुसऱ्याच्या गाडीच्या खुणा दिसल्या म्हणून आपण जायचं नाही. तो काल गेलेला असतो.

म्हणजे शनिवार नाही. जेट यायलाच चार दिवस लागतील. मिनेसोटात ट्रेल 1 डिसेंबरला उघडतात, तोवर हात काळे कर.

दोन्ही मेन जेटच्या नंबरांचे जवळून फोटो पाठव, डावा आधी. पहिल्यांदा चालवून आल्यावर प्लग काढ, त्यांचेही पाठव. चहाच्या रंगाचे हवेत. पांढरे असतील तर परत लगेच बाहेर पडू नकोस.

तुझी,
आई

ता.क. बाबा म्हणतात व्हिडिओ नको, अजून धूसर दिसतंय. गाडी सुरू झाली की फोन लाव, आधी दोन मिनिटं इंजिनापाशी धर, मग बोल. इथे रात्र असली तरी चालेल.