परदेशी प्रवेश : अर्ज दोन देशांत, पैसा मात्र एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मूल असलेल्या घरात सध्या एक सल्ला हमखास ऐकू येतो : मास्टर्ससाठी तीन-चार देशांत अर्ज टाकून ठेव, कुठेतरी लागेलच. अमेरिकेच्या व्हिसाचा भरवसा उरलेला नाही, त्यामुळे या सल्ल्याला जोर आला आहे. सल्ला चूक नाही, अर्धवट आहे. अर्ज चार देशांत टाकता येतात, पण पैसे एका वेळी एकाच ठिकाणी असतात आणि एका देशाची तारीख दुसऱ्या देशासाठी थांबत नाही. आपल्याकडची बरीच मुले अमेरिका आणि जर्मनी ही जोडी धरतात, म्हणून तिचेच उदाहरण घेतो.

आधी तारखा. अमेरिकेत ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची मुदत साधारण १५ डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. उत्तरे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि होकार कळवून अनामत भरायची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ एप्रिलच्या आसपास पडते. जर्मनीचे हिवाळी सत्र ऑक्टोबरचे. आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात युरोपबाहेरच्या अर्जदारांची मुदत १ मार्च, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात अनेक अभ्यासक्रमांना ३१ मे, इतरत्र पुष्कळ ठिकाणी १५ जुलै. म्हणजे अमेरिकेला हो-नाही सांगायची वेळ येते तेव्हा जर्मनीतून बहुतेक काहीच कळलेले नसते, काही अर्ज तर भरायचेच असतात. अमेरिकेची अनामत सहसा परत मिळत नाही. दोन देश धरायचे असतील तर ती रक्कम बुडीत धरूनच हिशेब मांडावा. एप्रिलमध्ये रडारड नको.

जर्मनीसाठी आणखी एक पायरी आहे, ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. म्हणजे आपली कागदपत्रे खरी असल्याचा दाखला. त्यासाठी एपीएसच्या दिल्लीच्या कार्यालयाकडे गुणपत्रिका तपासायला द्यायच्या, शुल्क १८,००० रुपये. अनेक विद्यापीठे ते अर्जासोबतच मागतात. त्याला काही आठवडे जातात, त्यात आपल्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळवायचा वेळ वेगळा. म्युनिकसारख्या ठिकाणी युनि-असिस्ट या परदेशी अर्ज तपासणाऱ्या जर्मन संस्थेकडून गुणांची पूर्वतपासणी, म्हणजे व्हीपीडी, करून घ्यावी लागते. तिचेही काही आठवडे. जर्मनी हा 'दुसरा पर्याय' असला, तरी त्याचे काम अमेरिकेच्या अर्जांबरोबर, ऑक्टोबरमध्येच काढावे लागते. मार्चमध्ये अमेरिकेचे नकार आले म्हणून जर्मनीकडे वळणाऱ्याचे ते वर्ष जायची भीती असते.

गुणांचेही तसेच. जर्मन विद्यापीठे सुधारित बव्हेरियन सूत्राने आपले गुण बदलून घेतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान यांच्या फरकाने भागायचे, तीनने गुणायचे आणि एक मिळवायचा. दहापैकी सात सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेचे किमान चार धरले, तर उत्तर येते २.५. तेच किमान पाच धरले, तर २.८. तिथे लहान आकडा चांगला असतो आणि २.५ ही पुष्कळ अभ्यासक्रमांची सीमारेषा आहे. गुणपत्रिकेच्या मागे छापलेल्या एका आकड्याने विद्यार्थी आत किंवा बाहेर होतो, त्यामुळे ती मागची बाजूही स्कॅन करून जोडावी. सगळेच ती विसरतात. शिवाय अमेरिकेत एकूण सीजीपीए आणि एसओपी (हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणारे निवेदन) यांना वजन असते, तर जर्मनीत गणित, यांत्रिकी, ऊष्मागतिकी या विषयांचे क्रेडिट किती झाले ते विषयवार मोजतात. साडेआठ सीजीपीएचा विद्यार्थी गणिताचे क्रेडिट कमी पडल्याने नाकारला जाऊ शकतो. सगळ्या विषयांचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या शिक्क्यासह हाताशी ठेवावा, आणि अमेरिकेसाठी लिहिलेला एसओपी नाव बदलून तिकडे पाठवू नये.

आता पैसा. खरी ओढाताण इथे होते. अमेरिकेच्या आय-२० साठी, म्हणजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या प्रवेशपत्रासाठी, पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढी रक्कम दाखवावी लागते. मुदतठेव, बचत खाते, कर्जमंजुरीचे पत्र चालते. पैसे जागचे हलत नाहीत. जर्मनीला ते हलवावे लागतात : सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो, तेही सहसा व्हिसाच्या मुलाखतीआधी. तिथे पोहोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. ब्रिटनची तऱ्हा तिसरीच. स्वतःचे पैसे दाखवायचे असतील, तर ते सलग २८ दिवस खात्यात पडून हवेत. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. जर्मनीसाठी ब्लॉक्ड खात्यात पैसे पाठवले की ब्रिटनची २८ दिवसांची मोजणी तिथेच मोडते.

कर्ज काढून जाणाऱ्यांनी हे आधीच बँकेत विचारावे. मंजुरीपत्रावर सहसा विद्यापीठाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव असते. देश बदलला की कागद पुन्हा शाखेतून वर जातो. अमेरिकेचे पैसे व्हिसा झाल्यावर सोडायची बँकांना सवय असते, पण जर्मनीला ते व्हिसाआधी लागतात. ते सोडणार का, हे शाखाधिकाऱ्याकडून लेखी घ्यावे. तारणाच्या बाबतीत गावाकडच्या पालकांची फसगत होते. सातबारा घेऊन बँकेत जातात, पण शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला तारण धरत नाहीत. एनए झालेली जमीन किंवा फ्लॅट लागतो.

नुसत्या अर्जांचा खर्चही बघा. अमेरिकेत एका अर्जाला साधारण ७५ ते १२५ डॉलर; सहा अर्जांचे पन्नास हजार रुपयांच्या आसपास गेले. जर्मनीत युनि-असिस्टमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३०, म्हणजे पाच अर्ज १९५ युरोत. स्वस्त आहे म्हणून मुले पंधरा-पंधरा अर्ज टाकतात, निम्म्यांत विषयांचे क्रेडिट बसतच नाहीत. 'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही जपून ऐकावे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सच्या बहुतेक अभ्यासक्रमांना सत्रामागे चार ते सहा हजार युरो लावले आहेत.

एक बारीक गोष्ट खास आपल्या मुलांची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, वडिलांचे, काही ठिकाणी आईचेही. पासपोर्टवर क्रम वेगळा. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पासपोर्टप्रमाणे, एपीएसचा अर्ज गुणपत्रिकेप्रमाणे आणि विद्यापीठाचा अर्ज तिसऱ्याच प्रकारे भरला, की एकाच विद्यार्थ्याची तीन माणसे होतात. सगळीकडे पासपोर्टचीच रचना ठेवावी आणि ज्या कागदांवर नाव वेगळे आहे त्यांच्यासाठी एकच प्रतिज्ञापत्र करून ठेवावे.

मग दोन देश धरावेत का? आमच्या मते हो, पण दुसरा देश निवडताना पहिल्यातला धोका त्यात नसेल असा बघावा. अमेरिकेत व्हिसाची भीती असेल तर जर्मनी दुसरा ठीक. कर्जाच्या रकमेचीच भीती असेल तर अमेरिकेसोबत ब्रिटन धरून काही साधत नाही. ब्रिटनचे मास्टर्स एका वर्षाचे, ही सोय खरी. पण शिक्षणानंतर नोकरीसाठी थांबायची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांवरून दीड वर्षावर येते आहे. तीन देश एकदम करणाऱ्या मुलाचा एकही एसओपी धड उतरत नाही, असेच बहुतेक वेळा दिसते.

फुकट सल्ला देणाऱ्यांविषयीही थोडे. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथली अनेक विद्यापीठे प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठे सहसा देत नाहीत. समुपदेशकाने जर्मनी यादीतून का काढली, हे त्याला सरळ विचारावे. राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर भिस्त असणाऱ्यांनी तर यादी करण्याआधी त्या वर्षीचा शासन निर्णय वाचावा. त्यात क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट असते आणि तिच्यात न बसणारे विद्यापीठ कितीही चांगले असले तरी शिष्यवृत्ती मिळत नाही.

आपल्याला एक विनंती. वृत्तपत्रांच्या परदेशी शिक्षणाच्या पुरवण्या बहुतेक जूनमध्ये, दहावी-बारावीच्या निकालांनंतर निघतात. तोवर अमेरिकेचे दरवाजे बंद झालेले असतात आणि आखेनची मुदत उलटून तीन महिने होतात. तीच पुरवणी ऑगस्टमध्ये काढलीत आणि त्यात देशवार तारखांचा एक तक्ता छापलात, तर पुढच्या वर्षी जाणाऱ्यांच्या हाती तो वेळेवर पडेल.

आपले,
परदेशी प्रवेशाचे समुपदेशन करणारे काही जण, पुणे